झाड फुललं की येतो

माझ्या दादाने कधी कुणाला सरळ उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. बुधवार पेठेत पाठ्यपुस्तकांच्या एका दुकानात त्याने छत्तीस वर्षं काउंटरवर काढली. "नववीचं भूगोलाचं पुस्तक आहे का?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "नाही, ही सगळी शोभेला लावलीत." आणि मागे न बघता हात घालून नेमका नववीचा भूगोल काढून द्यायचा. लोक चिडायचे आणि जूनमध्ये पुन्हा त्याच्याकडेच यायचे. घरीही तेच. वहिनींनी "जेवायला वाढू का?" विचारलं की "नको, आज उपोषणाला बसतो" असं म्हणत तो पाटावर बसलेला असायचा. आमच्या घरात या बोलण्याचा अर्थ लावायला कुणाला शिकवावं लागलं नाही. शब्द एकीकडे, अर्थ दुसरीकडे, आणि दोन्ही आपापल्या जागी सुखात.

मी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटी. एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. मुलांना खोडाचे पातळ काप घ्यायला शिकवायचं, काचपट्टी लावून द्यायची, आणि त्यांच्या वहीत सूक्ष्मदर्शकाखाली न दिसलेल्या गोष्टी आढळल्या की लाल रेघ मारायची, एवढंच माझं काम. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर हडपसरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि दर मंगळवारी बसने शनिवार पेठेत दादाकडे जायचं, संध्याकाळी परतायचं, असा नेम ठेवला. कुणी तो ठरवून दिला नव्हता आणि कुणी मोडायलाही सांगितलं नाही.

दादाचं घर एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. वरची गच्ची मात्र जवळपास त्याचीच, कारण बाकीच्यांना जिने चढायचा कंटाळा. दुकान सुटल्यावर दादाने गच्चीवर कुंड्या मांडल्या. तुळस, गवती चहा, दोन जास्वंदी, एक न फुलणारा मोगरा. "तुझ्यासारखे शिकलेले लोक झाडांना लॅटिन नावं देतात, मी पाणी देतो," असं तो मला म्हणायचा.

ज्या झाडाची ही गोष्ट, ते आणायला मात्र त्याने मला बरोबर नेलं. सोलापूर रस्त्याला हडपसरच्या पुढे नर्सऱ्यांची रांग आहे, तिथे आम्ही गेलो होतो. त्याला "काहीतरी पिवळं" हवं होतं. नर्सरीवाल्याने काळ्या पिशवीतलं हातभर उंचीचं एक रोप पुढे केलं. पानं जाड, तकतकीत, शेंड्याची कोवळी पानं तांबूस. "गोल्डन पेंडा हाय," तो म्हणाला. "पिवळंधमक फूल येतं बघा, पुंजका असतोय."

मी एक पान तोडून उजेडासमोर धरलं. पानभर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसले. चुरगळून वास घेतला. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी यांच्या कुळातलं झाड. मूळचं ऑस्ट्रेलियातल्या ओल्या रानातलं, तिथे चांगलं घरावर जाईल एवढं उंच होतं, कुंडीत ठेवलं तर झुडूप होऊन राहतं. मी हे सगळं दादाला सांगितलं. नर्सरीवाला माझ्याकडे आदराने बघत होता आणि दादा घड्याळाकडे.

"फूल कधी येतं?" दादाने विचारलं.

"आता काय सांगावं दादा, बियाचं रोप हाय. चार वर्सं म्हना, पाच म्हना. एखाद्याला येत बी न्हाई."

"म्हणजे हमी दांडगी आहे," असं म्हणून दादाने रोप घेतलं.

निळं प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून, त्याला बुडाशी भोकं पाडून आम्ही ते लावलं. खाली विटांचे तुकडे, वर लाल माती, शेणखत, थोडी वाळू. या झाडाला किंचित आंबट माती लागते. पुण्याची काळी माती चिकट आणि चुन्याची, ती घातली असती तर मुळं बसली असती रडत. गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याला टेकून पिंप ठेवलं. ऊन भरपूर. झाड जोमात लागलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी दादा न्हाणीघरात घसरला. उजवं मनगट मोडलं. फार मोठं काही नव्हतं, पण वहिनींना तो उचलवेना आणि शेजारच्यांचं दार वाजवायला त्या भिजलेल्या साडीने धावल्या. ही गोष्ट बंगळूरला माझ्या भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, चार दिवसांनी कळली. कारण दादाने फोनवर "हात विश्रांतीवर आहे" एवढंच सांगितलं होतं.

लहानपणी हा भाचा सतत माझ्याजवळच असायचा. बारावीनंतर तो वसतिगृहात गेला, मग नोकरीला बंगळूर. पंधरा वर्षं झाली त्याला. बायको तिकडचीच, स्वभावाने शांत. दिवाळीला तो एकटाच आला आणि भाऊबीजेच्या दिवशी, मी दादाला ओवाळून ताट खाली ठेवलं तेवढ्यात म्हणाला, "बाबा, आता तुम्ही दोघं माझ्याकडे चला. कायमचे. लिफ्ट आहे, हॉस्पिटल दोन मिनिटांवर आहे. मला तिकडे बसून टेन्शन येतं."

दादाच्या गळ्यात प्लास्टरचा हात. त्याने लाडू अर्धा तोडला आणि म्हणाला, "हो हो, येतो ना. ते वरचं झाड फुललं की येतो."

मी हसू दाबलं. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. आम्हा दोघींना अर्थ लख्ख कळला होता: येत नाही, विषय संपला. पण पंधरा वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाचा या बोलीचा सराव मोडलेला असतो. त्याचा चेहरा उजळला. "डन, बाबा. शब्द?" असं म्हणून त्याने हात पुढे केला.

तिथे दादाला म्हणता आलं असतं की बाबा रे, मी थट्टा करत होतो. पण टोमणा मारून तो समजावून सांगायचा हे त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याने डावा हात पुढे केला आणि म्हणाला, "शब्द." उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मग ती तिथेच चिकटली. दादा दिलेला शब्द मोडत नाही हे भाच्यालाही पक्कं माहीत होतं. टोमणा विसरला असला तरी एवढं तो विसरला नव्हता.

पुढच्या रविवारी मला बंगळूरहून फोन. "आत्या, तू बॉटनीवाली आहेस. ते झाड लवकर फुलेल असं काहीतरी कर ना."

मला आव्हान आवडलं, हे मी कबूल करते. दादाला जायचं आहे की नाही, हा प्रश्न मी त्यात धरलाच नाही. मला कुणीतरी एक झुडूप दिलं होतं आणि त्याला फूल आणायचं होतं. मी वही केली. मंगळवारी गेल्यावर पानांचा रंग, झाडाची उंची, मातीचा ओलावा लिहायला लागले. दुसऱ्या वर्षी कोवळी पानं पिवळट पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तेव्हा ओळखलं की इमारतीच्या बोअरच्या पाण्याने माती क्षारट होतेय आणि झाडाला लोह मिळत नाहीये. चिमूटभर हिराकस बादलीभर पाण्यात विरघळवून घातला. तीन आठवड्यांत पानं हिरवीगार झाली. हाडांचा चुरा आणला, तर वहिनींनी पिशवी जिन्यातच अडवली. "वन्सं, वर तुळस आहे. तिच्या शेजारी हाडं?" मी म्हटलं, खत आहे ते. त्या म्हणाल्या, "खत असेल, पण कुणाच्या तरी हाडांचं." मग मी मुकाट्याने तो चुरा हडपसरला परत नेला आणि माझ्या कढीपत्त्याला घातला. कढीपत्ता अफाट वाढला.

झाड वाढत होतं. उंच नाही, दाट. एकेका फांदीला दोन, दोनाच्या चार अशा फुटी फुटून ते गोलमटोल झालं होतं. गच्चीवर येणारा प्रत्येक जण त्याचं कौतुक करायचा. मीही वहीत लिहिलं होतं, "वाढ उत्तम, फांद्या भरपूर." फूल मात्र नाही. चौथा पावसाळा संपला तरी नाही.

दर भाऊबीजेला भाचा येई, गच्चीवर जाई, झाडाभोवती फेरी मारी आणि खाली येऊन म्हणे, "अजून नाही." दादा म्हणे, "त्याला घाई नाही. आमच्यासारखंच आहे." आणि दोघंही हसत. भाच्याच्या हसण्यात दरवर्षी थोडं कमी हसू असे. मला ते दिसत होतं. मी ते वहीत लिहिलं नाही, कारण वही झाडाची होती.

चौथ्या वर्षी कार्तिकात माझ्या डोळ्यांची तपासणी सदाशिव पेठेत होती, म्हणून मी मंगळवार सोडून शुक्रवारी दादाकडे गेले. सकाळचे साडेनऊ. दार वहिनींनी उघडलं आणि जरा गोंधळल्या. मी पाय धुऊन सवयीने देवघराशी गेले. देवांची पूजा झालेली. ताम्हनाच्या शेजारी, देवांपासून वीतभर अलीकडे, एक स्टीलची वाटी पाण्याने भरलेली होती. तिच्यात हिरव्या मण्यांचे चार झुपके तरंगत होते. मी चष्मा सारखा केला. जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, गोल, घट्ट कळ्या. त्यांतल्या एका झुपक्यातल्या सहा-सात कळ्या उमलल्या होत्या, आणि प्रत्येकीतून पिवळेधमक पुंकेसर बाहेर आले होते, ताठ, लांब, निरांजनाच्या ज्योतीएवढे.

चार वर्षं ज्या फुलासाठी मी माती चाळली ते फूल आमटीच्या वाटीत बसलं होतं.

"वहिनी, हे काय?"

"दिसतंय की," त्या म्हणाल्या. "कळ्या देवाला वाहत नाहीत, म्हणून शेजारी ठेवल्या. टाकवत नाहीत हो. जीव असतो त्यांत."

मी गच्चीवर गेले. या वेळी माती बघितली नाही, पान बघितलं नाही, शेंडे बघितले. हे झाड फांदीच्या टोकाला फुलतं, हे मी पहिल्या दिवशी पुस्तकात वाचलं होतं. एकूण एक टोक कापलेलं होतं. काही काप जुने, वाळून तपकिरी झालेले. काही कालपरवाचे, ओले. प्रत्येक कापाखालून दोन नव्या फुटी. झाड दाट होतं ते माझ्या खतामुळे नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी वहीत तारखा घालून मारला होता.

खाली आले तेव्हा दादा वर्तमानपत्र वाचत होता. मी म्हटलं, "दादा, वहिनी झाडाच्या कळ्या कापतात."

"मग? सांगतेस काय मला?" त्याने पान उलटलं. "पहिल्यांदा मीच कापत होतो. खांदा आखडला, हात वर जाईना, तेव्हापासून ती कापते."

"दुधाच्या पिशवीच्या कात्रीने," वहिनी आतून म्हणाल्या. जणू कात्रीबद्दलच माझी तक्रार होती.

"आणि शब्दाचं काय?"

"शब्द काय दिलाय? झाड फुललं की येतो. फुललंय का झाड?" दादाने वर्तमानपत्र खाली केलं. माझ्याकडे बघायची त्याची ती खास पद्धत, चष्म्याच्या वरून. "मला इथे मरायचंय असं नाही म्हणत मी. मला इथे राहायचंय. सकाळी खाली उतरलो की चार माणसं माझ्याशी भांडतात. तिकडे माझ्याशी भांडणार कोण? सगळे इंग्रजीतून सॉरी म्हणणार."

हे त्याने मुलाला सांगायला हवं होतं, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. उलट वर जाऊन वहिनींना दाखवलं की कळीच्या अगदी खाली नको, दोन पानं सोडून तिरका काप घ्या, म्हणजे झाडाला इजा कमी होते. वहिनींनी लक्षपूर्वक ऐकलं. त्यानंतर वर्षभर आम्ही तिघं त्या कटात होतो. भाचा फोनवर विचारायचा आणि मी कधी हवेला, कधी मातीला, कधी बोअरच्या पाण्याला दोष द्यायची. तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत खोट्या निरीक्षणांवर लाल रेघा मारल्या. आता मी स्वतः रोज नवं निरीक्षण रचत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

का वाटत नव्हतं, ते सरळ लिहिते. ते दोघं गेले असते तर पुण्यात माझं कुणी उरलं नसतं. हडपसरच्या माझ्या इमारतीत दोनशे फ्लॅट आहेत, आणि लिफ्टमध्ये लोक मला "मॅम" म्हणतात. मंगळवार गेला की आठवड्यातले सात दिवस सारखेच होणार होते. दादासाठी मी खोटं बोलते अशी मी स्वतःची समजूत घातली होती, पण बसमध्ये खिडकीशी बसलं की ती समजूत टिकत नसे.

मग गेल्या भाद्रपदातला एक फोन. रविवारची सकाळ, गणपती नुकतेच गेलेले.

"आत्या, या वर्षीपण नाही?"

"नाही रे. पाणी फार क्षाराचं आहे. बोअरच्या पाण्यावर या झाडाला कळी धरत नाही."

तो म्हणाला, "मी पण बोअरचंच पाणी घालतो."

"कशाला?"

"माझ्या झाडाला. आत्या, इकडे माझ्या बाल्कनीत एक आहे. त्या दिवाळीहून परत आलो आणि लगेच घेतलं. इकडे सगळ्या नर्सऱ्यांत मिळतं. बाबांना इकडे आल्यावर तेच झाड दिसावं म्हणून. ते दोन वर्षांपासून फुलतंय. वर्षातून तीन-तीनदा."

मी समोर उघडी ठेवलेली झाडाची वही मिटली.

"पहिल्यांदा फुललं तेव्हा मी फोटो काढला होता," तो म्हणाला. "बाबांना पाठवणारच होतो. की बघा, झाड फुललं, चला आता. बाबा आले असते गं. वरचं काय नि इथलं काय, झाड तेच, त्यांनी मान्य केलं असतं. पण मग वाटलं, शब्दासाठी येतील. यायचंय म्हणून नाही येणार. म्हणून नाही पाठवला. तू तरी खरं सांग. त्यांना यायचंच नाहीये ना?"

मी म्हटलं, "हो. यायचं नाहीये."

"मग असं एकदा सांगायला काय झालं होतं? मी काय ओढून नेणार होतो?"

त्याचा आवाज बदलला होता. फोन ठेवल्यावर मिनिटभरात त्याने तो फोटो मला पाठवला. पिंपात नाही, मातीच्या मोठ्या कुंडीत झाड. आमच्यापेक्षा लहान, विरळ, एका अंगाला कललेलं. टोकाटोकाला मुठीएवढे पिवळे पुंजके. मागे वाळत घातलेली चादर, आणि झाडाशेजारी दोन वेताच्या खुर्च्या, दादाकडे आहेत तशाच, एकमेकींकडे तोंड करून. त्याच्या घरात इतर कुठेच वेताचं काही नाही, हे मला माहीत होतं. एकदा गेले होते मी.

मी मंगळवारपर्यंत थांबले नाही. दुपारच्या बसने शनिवार पेठेत गेले आणि फोन दादाच्या हातात दिला. त्याने चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"कधीचा?"

"दोन वर्षांपूर्वीचा."

"आणि बोलला नाही?"

"नाही."

"कुणावर गेलाय कुणास ठाऊक," दादा म्हणाला.

"कुणावर म्हणजे? तुमच्यावरच," वहिनी म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. दादाने फोन मला परत दिला नाही. बराच वेळ तो हातातच धरून बसला. मी एकदा मागितला, तर म्हणाला, "खाणार नाहीये मी तो." स्क्रीन काळी झाली की तो तिला बोट लावायचा, आणि ती उजळायची नाही, कारण लॉक मला उघडावं लागे. तीनदा उघडून दिला.

मग तो वहिनींना म्हणाला, "उद्यापासून त्या कात्रीने दुधाच्या पिशव्या काप. दुसरं काही नको."

मला वाटलं होतं आता तो मुलाला फोन करून सांगेल, बाबा रे, आम्हाला इथेच राहू दे. सगळ्यांनी खरं बोलायचं ठरवलं की असंच व्हायला हवं, असा माझा हिशेब होता. दादाने फोन केला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "दोन वर्षं त्याने दोन खुर्च्या मांडून ठेवल्यात. एकदा जाऊन बसायला हवं." हे तो ज्या सुरात म्हणाला तो सूर त्याचा नव्हता, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

माघात झाड फुललं. चार वर्षांच्या फुटी त्याच्यात साठल्या होत्या, त्या सगळ्या एकदम फुलल्या. पान दिसेना. पूर्वेचा कठडा पिवळा झाला. सकाळी मधमाश्यांचा आवाज जिन्याच्या वरच्या दारापर्यंत यायचा, आणि एक जांभळट काळा शिंजीर पक्षी पुंजक्यांवर उलटा लटकून मध प्यायचा. जे शेजारी वर्षानुवर्षं गच्चीवर आले नव्हते ते जिने चढून आले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "हे कुठल्या देवाला चालतं?" दादा म्हणाला, "विचारून सांगतो." वहिनींनी मात्र एक पुंजका तोडून थेट देवांच्या डोक्यावर ठेवला. मी माझी वही काढली, फुलांच्या पाकळ्या मोजल्या, पुंकेसर मोजले, आणि मोजता मोजता मला इतका राग आला की वही बंद केली. राग कुणाचा, हे मला नीट सांगता येणार नाही. त्या झाडाचा आला होता, असं धरू.

दादाने स्वतः फोटो काढला. त्यात त्याचं अर्धं बोट आलं आहे. खाली लिहिलं, "आलं. येतो."

भाचा फाल्गुनात गाडी घेऊन न्यायला आला. घर विकायचं नाही असं ठरलं, नुसतं बंद करायचं. किल्ली माझ्याकडे. झाडाला आठवड्यातून दोनदा पाणी, फुलं झडल्यावर हलकी छाटणी, महिन्यातून एकदा हिराकस, हे मला माहीत असलेलं सगळं दादाने मला पुन्हा सांगितलं. मी ऐकून घेतलं. वहिनींनी लोणच्याच्या दोन बरण्या आणि ती दुधाच्या पिशवीची कात्री बरोबर घेतली. "तिकडे चांगली मिळायची नाही," त्या म्हणाल्या.

सकाळचे सात वाजले होते. गल्लीत दुसरी गाडी अडकून हॉर्न वाजवत होती. भाच्याने मागचं दार उघडून धरलं होतं. वहिनी आत बसल्या. दादाने कठड्याला धरावं तसं दाराला धरलं आणि एक पाय आत टाकला. तो काहीतरी बोलेल आणि मी तसंच काहीतरी उलट बोलेन, म्हणजे झालं, अशी मी तयारी केली होती. "जा, तिकडे तरी सुधारशील" हे वाक्य मी बसमध्ये जुळवून आणलं होतं.

मी म्हटलं, "दादा, जाऊ नकोस."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मागची गाडी हॉर्न वाजवतच होती. दादा तसाच उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर.

"हे एवढ्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस गं," तो म्हणाला.

बासष्ट वर्षं मी त्याचं बोलणं ऐकतेय. त्यातला टोमणा मी झोपेतसुद्धा ओळखते. मी थांबून बघितलं, त्यात तो कुठेच नव्हता. मग त्याने दुसरा पायही आत घेतला आणि भाच्याने दार लावलं.